पक्कडताई आणि नको म्हणणारी माणसं

पक्कडताईला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. ते साफ खोटं होतं. कारण नेहमी असायचं. ते तिला इतरांपेक्षा जरा लवकर दिसायचं, एवढंच.

तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांचं दुकान, वडिलांचीच हत्यारं, आणि वडिलांनी आयुष्यभर गिळलेला राग तिने व्याजासकट बाहेर काढलेला. सुरुवातीला गिऱ्हाइकं दारात उभी राहून विचारायची, "मिस्त्री कुठे आहेत?" ती हातातली पक्कड वर करून म्हणायची, "समोर उभे आहेत, डोळे तपासून या." तिथूनच तिला पक्कडताई नाव पडलं. नाव चिकटलं, कारण ते दोन्हीकडून खरं होतं. एकदा धरलं की ती सोडत नसे, मग तो मशीनमध्ये अडकलेला शटल असो की उधारी बुडवू पाहणारा शिंपी. नवरा दूरच्या गावी नोकरीला गेला आणि हळूहळू तिथलाच झाला. त्याच्याबद्दल विचारलं तर ती म्हणायची, "तो पार्ट आता मिळत नाही. मी त्याच्याशिवाय चालवते." एक लेक होती, तिला तिने दुकानातच वाढवलं. लेक पुढे दुकान सांभाळू लागली आणि बोलण्यात आईच्या वरताण झाली.

एका बाबतीत मात्र पक्कडताईने स्वतःलाच फसवलं. वर्षानुवर्षं तिचं डोकं दुखायचं. रक्तदाब वाढलाय हे तिला तपासणीत सांगितलं होतं, पण दुकान बंद ठेवून दवाखान्यात कोण बसणार? त्यापेक्षा वेदनाशामक गोळ्या बऱ्या. पाकीट कायम गल्ल्यात. दुसऱ्याच्या मशीनला तेल नाही दिलं म्हणून गिऱ्हाइकाला उभं-आडवं झाडणारी ही बाई, स्वतःच्या शरीराची खडखड गोळीने गप्प करत राहिली. पाय सुजले, तोंड सुजलं, धाप लागायला लागली, तेव्हा लेकीने ओढत नेलं. तोवर दोन्ही किडन्यांनी मान टाकली होती.

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पाळीला. लांबट हॉल, भिंतीला लागून ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. रक्त नळीतून बाहेर जायचं, धुऊन परत यायचं, आणि तोवर माणसाने छताकडे बघत बसायचं. मशीन म्हटल्यावर पक्कडताईचं तिथे जमलं. तिच्या हातात ऑपरेशन करून एक शीर आणि एक धमनी जोडली होती. सगळे त्याला फिस्टुला म्हणत. त्यात रक्त इतक्या जोरात वाहायचं की बोट ठेवलं तर थरथर लागायची. रोज सकाळी उठल्यावर ती मनगट कानाला लावून ऐकायची. "मोटर चालू आहे," असं लेकीला सांगायची आणि मगच दात घासायची.

या हॉलची एक रीत होती. तिथे कोणी कोणाला "कसे आहात?" असं विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. तिथे विचारायचं, "हात कसा आहे?" तो हात म्हणजे जीव. त्या हातावर झोपायचं नाही, त्याने बादली उचलायची नाही, त्यावर घड्याळ नाही, ब्लड प्रेशरचा पट्टा नाही, आणि मशीनची सोडून दुसरी कुठलीही सुई नाही. बाकी सगळं विसरणारी माणसं हात विसरत नसत. हात बंद पडला तर नवं ऑपरेशन, मानेत नळी, ताप, धावपळ. म्हणून आत येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हात कसा आहे?" आणि खुर्चीतला म्हणायचा, "चालू आहे."

पक्कडताईच्या उजवीकडच्या खुर्चीत वेल्डर बसायचा. चेहऱ्यावर ठिणग्यांचे बारीक डाग, तोंडात सतत थट्टा. ती सिस्टरवर ओरडली की तो म्हणायचा, "सिस्टर, यांचं रक्त धुताना साबण जास्त घाला." ती त्याला शिव्या द्यायची. ज्या दिवशी तो उशिरा यायचा, त्या दिवशी मात्र ती दाराकडे दहादा बघायची.

एके दिवशी त्याची खुर्ची रिकामी दिसली. तो मेला नव्हता. तो हॉलच्या टोकाला, काचेच्या खोलीत होता. ठरलेल्या तपासणीत त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारची कावीळ, सापडली होती. ती रक्तातून पसरते, म्हणून अशा पेशंटचं मशीन वेगळं, खोली वेगळी, सिस्टरही वेगळी. कावीळ त्याला कुठून लागली हे कोणालाच सांगता येत नव्हतं. काचेपलीकडून त्याने हात हलवला. पक्कडताईने हात हलवला नाही. ती तशीच हॉलच्या मोठ्या सिस्टरकडे गेली.

"यावर लस असते ना? मला दिलीत ती?"

"असते. सगळ्यांना विचारतो आम्ही. तुमचे डोस चालू आहेत, ते नको म्हणाले."

"नको म्हणाले आणि तुम्ही ऐकलंत?"

"मग काय हातपाय बांधून टोचू, ताई?"

"बांधायचे!"

सिस्टर चिडली नाही. ती दमलेली होती. म्हणाली, "या पाळीतले निम्मेअधिक नको म्हणतात. तुमचं तोंड एवढं चालतं, तर तुम्हीच समजावा." हे तिने त्राग्याने म्हटलं होतं, पण पक्कडताईने ते शब्दशः घेतलं.

त्या दिवसापासून सकाळच्या पाळीला झोप मिळेनाशी झाली. एकदा सुया लागल्या की खुर्चीतून कोणाला पळता येत नाही, याचा पक्कडताईने पुरेपूर फायदा घेतला. चार तास तिच्या तोंडाचा पट्टा चालू. एकेकाची कारणं ऐकून तिचं पित्त खवळायचं. एक जण म्हणाला, माझ्या साडूला लस घेऊन ताप आला होता. "साडूला ताप आला, तो उतरला. तुम्हाला कावीळ झाली तर ती कोणाचा बाप उतरवणार आहे?" एक आजी म्हणाल्या, आधीच इतक्या सुया, आणखी एक कशाला. "इतक्या सुया जड झाल्या नाहीत, मग ही एकच कशी जड होते?" सगळ्यात कमाल केली भिंतीकडेच्या कारकुनाने. त्याने फार गंभीरपणे विचारलं, "त्या लशीत पाणी किती असतं? माझं वजन आधीच वाढून येतं, सिस्टर ओरडतात." या लोकांना दिवसाचं पाणी पेल्याने मोजून प्यावं लागतं, त्यामुळे त्याला हा प्रश्न अगदी रास्त वाटत होता. पक्कडताई आधी हसली, मग भडकली. "अहो, तुमच्या डोळ्यात येतं त्याच्याहून कमी असतं! रडून टाका आणि घ्या!"

ओरड्याने का होईना, काही जण तयार झाले. आजी तयार झाल्या. कारकून तयार झाला. एक गवंडीकाका तेवढे राहिले. समोरच्या खुर्चीतले, सत्तरीचे, कमी बोलणारे. ती अर्धा तास बोलली की ते मान हलवून म्हणायचे, "नको." पुढच्या पाळीला पुन्हा अर्धा तास, पुन्हा "नको." ना कारण, ना वाद. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भांडणाऱ्याशी भांडता येतं, पण या माणसाला धरायला कुठे कडाच सापडत नव्हती.

आणि मग तिचा स्वतःचा रिपोर्ट आला.

तिने लशीचे सगळे डोस घेतले होते. एकही चुकवला नव्हता. शेवटच्या डोसनंतर लस अंगी लागली की नाही हे रक्त तपासून बघतात. तिच्या अंगी काहीच लागलं नव्हतं. सिस्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आपल्या पेशंटांमध्ये होतं असं. किडनी गेली की शरीर लशीला नीट दाद देत नाही, म्हणूनच तुम्हाला डोस दुप्पट देतो. आता पूर्ण कोर्स परत करायचा. दुसऱ्या वेळी बऱ्याच जणांना लागते."

"आणि तोवर?"

"तोवर आम्ही काळजी घेतोच. हातमोजे, सफाई, दर वेळी सगळं नवं. बाकी, तुमच्या आजूबाजूचे जितके सुरक्षित, तितक्या तुम्ही सुरक्षित."

पक्कडताई घरी आली आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. इतके महिने ती दुसऱ्यांच्या दंडांसाठी भांडत होती. आता कळत होतं की तिचा स्वतःचा जीवही त्यांच्याच दंडांवर टांगलेला आहे. हे तिला अजिबात सहन होईना. कोणावर अवलंबून राहायची तिला सवय नव्हती, आणि अवलंबून राहायचं तेही कोणावर? लशीतलं पाणी मोजणाऱ्या कारकुनावर! नको म्हणणाऱ्या त्या गवंड्यावर!

लेक म्हणाली, "आई, हॉलमध्ये हे बोलू नकोस हं. तुझी लागली नाही म्हटल्यावर एक जण घेणार नाही. जे तयार झालेत तेही फिरतील."

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं नको बोलूस. गप्प बस. आयुष्यात एकदा गप्प बसून बघ."

लेकीचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच पक्कडताईला जास्त राग आला. दुरुस्त न झालेलं मशीन तिने कधी "झालंय, घेऊन जा" म्हणून दिलं नव्हतं. पण इथे मशीन तीच होती, आणि गप्प बसण्यात तिचाच फायदा होता. पुढच्या दोन-तीन पाळ्या ती खरंच गप्प बसली. हॉलमधल्या लोकांना वाटलं, हिला ताप आला असावा.

गप्प राहणं तुटलं ते गवंडीकाकांमुळे. आजींना त्या दिवशी पहिला डोस द्यायचा होता. सिस्टर ट्रे घेऊन आली, जाता जाता तिने समोरही विचारलं, "काका, तुम्ही?" काका म्हणाले, "नको." झालं. पक्कडताईच्या आतलं झाकण उडालं.

"नको म्हणजे काय नको? तोंडात दुसरा शब्द नाही का तुमच्या? ते तिकडे काचेत बसलेत, दिसत नाही? त्यांनीही नकोच म्हटलं होतं! आयुष्यभर भिंती बांधल्यात, डोक्यातही एक बांधून ठेवलीत का?"

गवंडीकाकांनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही तर घेतलीत. तुम्हाला लागली का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सिस्टरने मान खाली घातली होती, ती काही बोलली नसती. आजी बाही वर करून बसल्या होत्या. पक्कडताईला लेकीचा आवाज ऐकू आला, आणि तिने तो बाजूला सारला.

"नाही," ती म्हणाली. "नाही लागली मला. सगळे डोस घेतले, तरी नाही लागली. परत घेणार आहे. दुसऱ्यांदाही नाही लागली तर माझ्या अंगात काही नसणार, आणि मग मी या खुर्चीत फक्त तुमच्या भरवशावर बसणार. म्हणून ओरडते. मला काय हौस आहे?"

शेवटी तिचा आवाज फाटला. त्याचाही तिला राग आला.

लेक म्हणाली होती तसंच झालं. कारकून हळूच म्हणाला, "मग मी जरा विचार करून सांगतो." आजींनी बाही खाली घेतली. महिन्यांची मेहनत एका वाक्यात मातीत गेली. पक्कडताईने डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात सगळ्या हॉलला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, स्वतःला सगळ्यात जास्त.

पाळी संपली. सुया निघाल्या. रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून बाकावर बसावं लागतं, तिथे गवंडीकाका तिच्या शेजारी येऊन बसले.

"ताई, मला लशीची भीती नाही," ते म्हणाले. "पण माझ्या दोन्ही हातांची ऑपरेशनं झालीत. डावा आधी केला, तो बंद पडला. मग हा उजवा. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं होतं, काका, दोन्ही हात जपा. एकाही हाताला कोणाला सुई लावू देऊ नका. कोणी कितीही सांगू दे, नको म्हणायचं. मी नको म्हणतो."

पक्कडताई उसळली. "अहो, मग हे सांगायचं नाही का? इतके महिने?"

"कोणी विचारलं नाही. सिस्टर विचारतात, घेणार का. मी नको म्हणतो, त्या पुढे जातात. तुम्ही तर विचारतही नाही, ओरडता."

ती उठली, कापसावरचा अंगठा तसाच दाबून धरत सिस्टरच्या टेबलापाशी गेली आणि जे बोलली ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. "हा माणूस नको म्हणत नव्हता! हा माणूस ऐकत होता! तुमच्याच डॉक्टरांचं! आणि आपण सगळे मिळून त्याला अडाणी ठरवून बसलो!"

सिस्टरचा चेहरा उतरला. ती धावत बाकापाशी आली. "काका, ते शिरेबद्दल होतं हो. शिरा जपायच्या म्हणून सुई नको. लस शिरेत नसते, खांद्याखालच्या मांसात असते. चालू हात सोडून दुसऱ्या दंडात देता येते."

काकांनी मान हलवली. "ज्यांनी सांगितलं, त्यांनीच सांगायला पाहिजे."

दुसरा कोणी असता तर पक्कडताई पुन्हा भडकली असती. या वेळी ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. लावा फोन." सिस्टरने ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून डॉक्टर चकित होऊन म्हणाले, "काका, इतकी वर्षं तुम्ही माझा शब्द धरून बसलात?"

"धरायचा नव्हता का?" काकांनी विचारलं.

मग डॉक्टरांनी हळू, समजेल अशा शब्दांत सांगितलं की डाव्या दंडात लस चालेल, आणि ती घ्याच. काकांनी "बरं" म्हटलं, शर्टाचं बटण काढलं आणि डावा खांदा पुढे केला. इतक्या वर्षांत त्या दंडाला बाहेरच्या कोणाचा हात लागला नव्हता. सुई आत जाताना ते बघत होते, एखाद्याच्या हातात घराची किल्ली देताना बघावं तसे. आजी जिन्यापर्यंत गेल्या होत्या, त्या परत आल्या. कारकून मात्र आला नाही. तो पुढच्या आठवड्यात आला, आणि टोचायच्या आधी त्याने पुन्हा पाण्याचं विचारलंच. या वेळी पक्कडताईने सिस्टरकडून रिकामी बाटली मागून घेतली आणि त्यावर छापलेला आकडा त्याला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि दंड पुढे केला.

हे सगळं बरं झालं. पण पक्कडताईच्या डोक्यात एक गोष्ट कुरतडत राहिली. नको म्हणणाऱ्याच्या पोटात काय असतं हे तिने कोणालाच विचारलं नव्हतं. आणि एक नको तर सगळ्यात महागात पडलं होतं.

तिचा दुसऱ्या कोर्सचा पहिला डोस झाला त्या दिवशी ती घरी जाण्याआधी हॉलच्या टोकाला गेली. काचेच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वेल्डर मशीनला लावलेला होता. पूर्वीपेक्षा वाळला होता. तिला बघून म्हणाला, "या. साबण संपला की काय तिकडचा?"

"हात कसा आहे?" तिने विचारलं.

"चालू आहे."

ती दारातच उभी राहिली. शब्द जुळवत राहिली, कारण ओरडल्याशिवाय विचारायची तिला सवय नव्हती. "तुम्हाला लशीचं विचारलं होतं, तेव्हा तुम्ही नको का म्हणालात?"

त्याने आधी थट्टा शोधली. तिला ते दिसलं. त्याला ती सापडली नाही.

"लस पुढच्यासाठी असते ना, ताई," तो म्हणाला. "लहान मुलांना देतात, पुढे आयुष्य असतं म्हणून. मला वाटलं, आपण मशीनवर आलो, आता आपल्याला पुढचं कुठलं? उगाच एक इंजेक्शन वाया कशाला घालवायचं. ज्याला जगायचंय त्याला होईल."

पक्कडताईला असा राग आला की तिने दाराची चौकट धरली. "वाया जाईल असं कोणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा मला त्याचं. कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हणालं," वेल्डर म्हणाला, आणि नळीतून परत येणाऱ्या रक्ताकडे बघत राहिला. "पण उलटंही कोणी म्हणालं नाही, ताई."